पावलांचा, चपलांचा आवाज कथेत लिहायचा कसा?

काठावरची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. सांभाळून घ्या.

एक कथा लिहायला घेतली आहे. एक मुलगी रात्री अंथरुणात पडून आहे. वडील कामावरून परत येतात आणि त्यांच्या बुटांच्या आवाजावरून तिला कळतं की आज घरात काय होणार. पंचवीस वर्षांनी तीच मुलगी तशीच पडलेली आहे, पलीकडच्या खोलीत तेच वडील उठून चालतायत, पण पाऊल आता वेगळं पडतं. सुरुवातीलाही पावलं, शेवटीही पावलं. मधली कथा एकवेळ फसली तरी चालेल, ही दोन टोकं फसून चालणार नाहीत.

आणि मी लिहिलं काय? 'टॉक... टॉक... टॉक... बाबांच्या बुटांचा आवाज जवळ येऊ लागला.'

मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आता पुढच्या ओळीत पडकी हवेली येणार आणि मेणबत्ती घेतलेली बाई जिन्यावरून उतरणार. तेव्हापासून ते वाक्य मला वाचवत नाही.

खोडून 'टप टप' केलं, तर पाऊस पडायला लागला. 'खट खट' केलं, तर कोणीतरी दार वाजवतंय असं वाटलं. नुसतं 'पावलांचा आवाज आला' ठेवलं तर त्यात बाबाच उरले नाहीत, ते कोणाचेही पाय झाले.

तुम्ही पावलांचा, चपलांचा, बुटांचा आवाज कसा लिहिता? शब्द वापरता का? कोणते? की वापरतच नाही?

बोरू

काढून टाका तो शब्द. चित्रकथेत 'धाड', 'खट्ट' शोभतं, कारण तिथे अक्षरही चित्राचाच भाग असतं. गद्यात असा शब्द आला की वाचक क्षणभर थांबून तो मनात उच्चारून बघतो, आणि तेवढ्यात कथेतून बाहेर पडतो.

'बाबा आले. बूट न काढताच आत आले.' एवढ्यात काम झालं. बुटांचा आवाज वाचकाने स्वतःच काढला, तुम्ही काढून द्यायची गरज पडली नाही.

मधलीसुट्टी

धागा आवडला. वाखूसा (वाचनखूण साठवली).

अनवाणी

बोरू, तुमचं वाक्य छान आहे, पण सगळे शब्द काढून टाकायला मी तयार नाही. चालण्यासाठी मराठीत केवढे शब्द आहेत ते बघा. दुडुदुडु, तुरुतुरु, तरातरा, झपझप, लगालगा, धपाधप, खाडखाड, फटक फटक, रखडत, खुरडत, फरफटत. एवढं धन घरात असताना लेखकाने मुकं कशाला व्हायचं?

आणि गंमत अशी की यातल्या निम्म्या शब्दांत आवाज नाहीच. झपझप चालणाऱ्याच्या पायातून 'झप' असा आवाज कधी येतो का? तुरुतुरु चालणारं कोणी 'तुरु' वाजतं का? तरीही शब्द वाचला की पावलांची लांबी दिसते, वेग दिसतो, माणसाचं वयसुद्धा दिसतं. दुडुदुडु म्हटलं की मूल दोन वर्षांच्या आतबाहेरचं. पाच वर्षांचं मूल दुडुदुडु चालत नाही.

काठावरचीताई, तुमच्या वाक्यात घोटाळा आहे तो 'टॉक'चा. हा शब्द आपण भयपटांतून आणलाय, घरात कोणी बोलत नाही. घरात कसं बोलतात? 'काय सकाळपासून फटक फटक लावलंय, काढ ती चप्पल.' 'खाडखाड बूट वाजवत आलास, बाळ झोपलंय ना?' मी तर एकच कसोटी लावते. ज्या शब्दाने कोणी कोणाला रागावलं असेल तो शब्द खरा.

बोरू

अनवाणी, ही कसोटी आवडली. लिहून ठेवतो. 'टॉक'वर मात्र आपलं एकमत झालं हे नोंदवून घ्या.

खडूफळा

व्याकरण शिकवतो, म्हणून थोडी भर.

शाळेत अभ्यस्त शब्दांचे तीन प्रकार शिकवले जातात: पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक. टकटक, खडखड, फडफड हे तिसऱ्या प्रकारात येतात. मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. मला त्याच्या पुढचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो: 'टकटक' आणि 'थपथप' यांतला फरक नेमका कशात आहे?

तोंडाने म्हणून बघा. 'ट' म्हणताना जिभेचं टोक वर टाळूला लागून सुटतं, सुटताना कोरडा, टणक आवाज होतो. टणक टाच आणि टणक जमीन. 'थ' दातांशी होतो आणि त्याच्यामागून श्वास येतो, म्हणून तो मऊ, भरलेला लागतो. उघडा तळवा फरशीवर पडावा तसा. 'फ' आणि 'प' ओठांचे, सपाट वस्तू सपाट वस्तूवर आपटते तेव्हा हेच येतात, चपलेला 'फटक' मिळालं ते त्यामुळेच असावं. 'च' आला की ओल आली: चपचप, पचपच, चिखलातलं पचक. 'र' आला की आवाज तुटत नाही, लांबतो: सर्र, फर्र, करकर, चरचर. पाय उचलला जात नसेल तिथे 'र' लागतोच.

स्वरांचंही तसंच. 'खडखड' आणि 'खाडखाड' यांत फक्त काना वाढला, पण दुसऱ्यात बुटाचा आकार वाढला. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी १९२९ मध्ये याचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. 'मिल' आणि 'माल' असे दोन बनावट शब्द दिले, दोन्हींचा अर्थ टेबल, आणि विचारलं की मोठं टेबल कोणतं. बहुतेकांनी 'माल' म्हटलं. तोंड मोठं उघडावं लागतं तिथे वस्तूही मोठी वाटते.

तेव्हा शब्द निवडताना शब्दकोश उघडण्याआधी तोंड उघडा.

दोनबोटेचालवा

खडूफळा सर, दंडवत. हापिसात बसून 'टक थप फट पच सर्र' म्हणत होतो, शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी पाणी आणून दिलं.

तिसरी_घंटा

माझं कामच हे आहे, त्यामुळे जरा लांब लिहितो.

श्रुतिका आणि लघुपटांसाठी मी पावलं वाजवतो. चित्र पडद्यावर चालू असतं आणि त्यातल्या माणसाबरोबर मी चालतो, जागच्या जागी. या कामाला फॉली म्हणतात. बोलपट नवे होते तेव्हा जॅक फॉली नावाचे गृहस्थ चित्र बघत बघत असे आवाज भरायचे, त्यांच्यावरून ते नाव पडलं. आमच्या खोलीत लाकूड, फरशी, खडी, वाळू, माती यांचे चौकोन असतात आणि जोड्यांचा ढीग. बर्फावरची पावलं हवी असतील तर चामड्याच्या पिशवीत मक्याचं स्टार्च (कॉर्नफ्लोअर) भरून ती दाबतात. वाळलेलं गवत हवं असेल तर जुन्या कॅसेटची फीत चुरगळतात. कुत्रा चालवायचा असेल तर हातमोज्याच्या बोटांना पेपरक्लिपा लावून फरशीवर बोटं नाचवतात.

एवढ्या वर्षांत मला कळलेली गोष्ट ही, की एका पावलाचा आवाज एक नसतोच. टाच टेकते, मग पुढचा तळवा. टणक तळव्याच्या बुटात हे दोन वेगळे ऐकू येतात, सावकाश चालणाऱ्याचे तर अगदी स्पष्ट. माणूस घाईत असला की दोन्ही एकात मिसळतात. अंगठ्याच्या चपलेत आणखी मजा आहे. चप्पल जमिनीवर एकदा वाजते आणि पाय उचलला की खालून टाचेला येऊन आपटते, ती दुसऱ्यांदा वाजते. 'फटक' या शब्दात 'फट' आणि 'क' आहेत ना, तसं. आपल्या आज्यांनी हे ऐकून ठेवलं होतं.

लेखकांच्या हातून होणाऱ्या चुका सांगतो, कारण त्या आम्हाला संहितेत रोज सापडतात. नायिका गालिच्यावरून चालते आणि तिच्या उंच टाचा वाजतात. जिना चढताना टाच वाजते. जिन्यावर टाच आधी पडत नाही, चढताना आणि उतरतानाही पुढचा तळवा आधी टेकतो. स्वतः दोन पायऱ्या चढून बघा. आणि पोकळ लाकडी जमिनीवर दगडासारखा 'टक' वाजवलेला असतो. लाकडाखाली पोकळी असली की ती ढोलासारखी घुमते, आवाज खाली बसतो, 'ठक'च्या पुढे 'म' लागल्यासारखा.

म्हणून माझा पहिला प्रश्न कायम असतो: फरशी कसली? लेखक सांगतात बूट कसला. जमीन सांगायला विसरतात, आणि निम्मा आवाज तर जमिनीचा असतो.

काठावरची

बाप रे. मी जिन्यावर टाच वाजवली होती. खोडली.

ओसरीवरून

चला, माझंही एक दुखणं. आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर कोणीतरी रात्री साडेबाराला चालतं. मी कधी त्यांना चालताना पाहिलेलं नाही, पण ते टाचेवर चालतात हे मी शपथेवर सांगू शकते. धप धप धप धप, मग थांबतात, मग पुन्हा तेवढेच चार. चार पावलांत त्या खोलीत कुठून कुठे जाता येतं याचा मी दोन वर्षं विचार करते आहे.

तिसरी_घंटा

ओसरीवरून, बहुधा ते अनवाणी चालत असणार. उघड्या टाचेचा जड, खोल आवाज स्लॅबमधून सहज खाली उतरतो. गालिचा घातला तर टणक टाचेचा 'टक' मरतो, हा 'धप' मात्र बराचसा तसाच राहतो. लेखकाला उपयोगी आहे हे: खालच्या मजल्यावरचं पात्र वरच्याचा जोडा ओळखू शकेलच असं नाही, पण वजन आणि वाट ओळखेल.

ओसरीवरून

म्हणजे गालिचा भेट द्यायचा माझा बेत बारगळला.

दोनबोटेचालवा

आवाजाचा विषय आहे आणि लहान मुलांचे चूं चूं वाजणारे बूट कोणालाच आठवले नाहीत? भाची वर्षाची असताना तिला घेतले होते. ती चालायची, बूट वाजायचा, ती थांबून बुटाकडे बघायची. बूट गप्प. मग हळूच एक पाऊल टाकायची. चूं. आमचं घर दोन महिने याच्यावर चाललं. एकदा ती सापडेना, घरभर हाका मारल्या. शेवटी पडद्यामागून एकच चूं आला.

रातराणी९

हे वाचून खूप हसले. 'एकच चूं' कथेत घ्या कोणीतरी.

आणि एक विनंती. कोणत्याही कथेत बाई आली की पैंजण छुमछुमलेच पाहिजेत, हे आता थांबवू या का? मी पस्तीस वर्षं बाई आहे, माझ्या पायातून मुख्यतः 'चुर्र' असा आवाज येतो, सँडलच्या पट्ट्याचा.

अनवाणी

रातराणी, शंभर टक्के सहमत. पट्ट्याची चुर्र, वेलक्रोची खर्र, एक बूट काढताना दुसऱ्याच्या टाचेवर दिलेली चेप, यावर कोणी लिहितच नाही. नव्या चामड्याची वहाण करकरते आणि मुरली की गप्प होते. पात्राची वहाण नवी आहे हे एवढ्यात सांगून होतं.

दुभाषी

भाषांतर करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या वाट्याचा.

इंग्रजीत चालण्याचा आवाज बहुतेक वेळा क्रियापदातच बसवलेला असतो. एकाच शब्दात पाय घासणं आणि चालणं. मराठीत तो सुटा होऊन क्रियापदाच्या पुढे येतो, 'पाय घासत चालला', 'खाडखाड बूट वाजवत गेला'. नवशिकेपणी मी प्रत्येक ठिकाणी असा तुकडा जोडत गेले आणि मजकूर भलताच गजबजला. पानभर माणसं वाजत चालली होती. आता मी पानात एकदाच वाजू देते. तेही आवाजावर काहीतरी अवलंबून असेल तर. आणि मराठीत आवाजाची स्वतःची क्रियापदं आहेत ती जास्त वापरते: करकरला, खडखडली, फरफटत नेला, चुरचुरली.

अवांतर: जपानी लाकडी खडावांना गेता म्हणतात, त्यांच्या आवाजासाठी जपानीत 'कारान् कोरोन्' म्हणतात. स्वर बदलतो बघा, आधी आ, मग ओ. जणू डाव्या पायाचा एक आणि उजव्याचा दुसरा. आपण दोन्ही पायांना एकच अक्षर देतो, टक टक. माणसाचे दोन पाय खरंच सारखे वाजतात का?

रुग्णालयातून

दुभाषी, नाही वाजत. याच प्रश्नाने मला लिहायला लावलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचं चालणं बघते, आणि खरं सांगायचं तर आधी ऐकते.

धडधाकट प्रौढ माणूस त्याच्या सवयीच्या चालीने मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं टाकतो. प्रत्येक पाय एका फेऱ्यातला (तो टेकल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा) सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर असतो आणि ४० टक्के हवेत. दोन्ही पाय हा हिशेब सारखा पाळतात तेव्हा ताल घड्याळासारखा येतो. दुखणं आलं की पहिला बिघडतो तो हा ताल. ज्या पायात दुखतं त्यावर माणूस कमी वेळ उभा राहतो, म्हणून पुढचं पाऊल घाईने येतं. लांब, आखूड, लांब, आखूड. डोळे मिटूनही लंगडणं कळतं ते यामुळे.

काही चाली तर दारातून आत यायच्या आधीच ओळखू येतात. घोट्याचा वर उचलणारा स्नायू दुबळा झाला की पाऊल लोंबतं, माणूस गुडघा उंच उचलतो आणि पाऊल खाली फट्कन पडतं. तिथे टाच आणि तळवा असे दोन आवाज येत नाहीत, सगळा पाय एकदम. पार्किन्सन्समध्ये पावलं आखूड होतात, घासतात, आणि मध्येच आपोआप भरभर पडू लागतात, जणू माणूस स्वतःच्याच तोलामागे धावतोय. पक्षाघातानंतर एक पाय कमरेतून अर्धवर्तुळात फिरवून पुढे आणावा लागतो आणि त्याचा पुढचा भाग जमिनीला घासतो. ती ओढ लांब असते. आणि तो पाय टेकल्या टेकल्या दुसरं, चांगलं पाऊल पटकन पडतं.

काठीबद्दल एक. काठी दुबळ्या पायाच्या उलट हातात धरतात. कथांमध्ये ती नव्वद वेळा चुकीच्या हातात सापडते.

आणि आम्ही पहिल्या भेटीत चप्पल उलटी करून तळवा बघतो. कुठे झिजलाय, एकाच पायाची झिजलीय का. तळव्यावर सगळं लिहिलेलं असतं.

काठावरची

रुग्णालयातून, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

कथेतल्या बाबांना दुसऱ्या भागात काय झालंय ते मी इथे लिहिलं नव्हतं. पक्षाघात. कथेतले म्हणजे माझेच, आता लपवत नाही. मी त्यांचं चालणं दीड वर्ष रोज रात्री ऐकते आहे आणि तरी कागदावर मी 'टप... टप... टप' असं लिहिलं होतं, सारख्या अंतराने. तुम्ही न ऐकता जे लिहिलंत ते पलीकडच्या खोलीत रोज वाजतं. लांब ओढ, आणि लगेच घाईचं पाऊल. मला ते ऐकू येत होतं, पण मी लिहिताना कानाला विचारलंच नाही, पुस्तकात वाचलेली पावलं उतरवली.

बोरू

काठावरचीताई, मी पहिल्या प्रतिसादात फार घाईने 'काढून टाका' म्हणालो. शब्द काढा म्हणणं सोपं असतं. तुमच्या कथेत आवाज हेच पात्र आहे, ते काढून कसं चालेल? ओढ आणि घाई हे दोन शब्द ठेवा. ते आवाजाचे नाहीत, तरी मला ऐकू आले.

कानोसा

उशिरा येतोय. मला जन्मापासून दिसत नाही, हा धागा मी स्क्रीन रीडरवर ऐकला. तुमचं पहिलं वाक्य माझ्या यंत्राने 'टॉक टिंब टिंब टिंब टॉक टिंब टिंब टिंब' असं वाचलं. आवाजाचे शब्द टिंबांनी सजवणाऱ्या सर्वांना हे कळावं म्हणून सांगतो. 'टाऽऽऽक' लिहाल तर त्याहून वाईट.

आता मुद्द्याचं. लेखक मंडळी एक गोष्ट फार गृहीत धरतात, की माणूस जोड्यावरून ओळखू येतो. जोडे बदलतात हो. आई रोज तीच चप्पल घालत नाही. ती मला ओळखू येते कारण वळताना ती एक जास्तीचं छोटं पाऊल टाकते. दोन मोठी, मग वळणावर एक लहानसं, जवळजवळ ऐकू न येणारं. अनवाणी असो, चपलेत असो, ओल्या पायांनी असो, ते पाऊल येतंच. तिला स्वतःला हे माहीत नव्हतं, मी सांगितल्यावर ती आठवडाभर अवघडून चालत होती.

पावलांबरोबर बाकीचंही येत असतं. पँटच्या दोन पायांचं एकमेकांना घासणं, खिशातल्या किल्ल्या, जिना चढून आलेला श्वास. माणूस माझ्याकडे येतोय की बाजूने चाललाय हेही कळतं, कारण माझ्याकडे येणाऱ्याचं चालणं शेवटच्या दोन पावलांत बदलतं. बहुतेक जण तिथे हळू होतात. काही जण दारापाशी थांबतात आणि काही बोलत नाहीत. मला वाटतं त्यांना वाटतं, मला कळलेलं नाही.

ताई, तुमच्या कथेतली ती लहान मुलगी अंधारात आहे. तीही बघत नाही, ऐकते आहे. ती 'बूट वाजले' असं ऐकणार नाही. ती मोजत असणार. रोज ऐकणारा माणूस मोजतो. किती पावलांत दार, किती वेळ थांबले, आज एक पाऊल कमी का पडलं.

खडूफळा

कानोसा, या प्रतिसादासाठी धाग्याचे आभार मानायला हवेत. पुढच्या वर्षी अनुकरणवाचक शब्द शिकवताना वर्गातल्या मुलांना आधी पाच मिनिटं डोळे मिटून बसवणार आहे.

आणि यावरून लक्षात आलं, आपण इतका वेळ मराठीतला सर्वांत कामाचा शब्द विसरलो होतो. चाहूल. त्यात पायही नाही, जोडाही नाही, आवाज आहे की नाही हेही नक्की नाही. कोणीतरी येतंय एवढंच, आणि ते ऐकणाऱ्याच्या बाजूने. आवाज येतो, चाहूल लागते. भूक लागते, ठेच लागते, तशी ती ऐकणाऱ्याला लागते.

रातराणी९

'चाहूल लागते' याकडे असं कधी पाहिलंच नव्हतं.

काठावरची

दोन दिवस इथे आले नाही, लिहीत होते. मूळ प्रश्नाकडे परत येते. सुरुवातीचा तुकडा आता असा आहे:

'फाटकाची कडी वाजली. मग काहीच नाही. बाबा फाटकाशी उभे राहिले की मी मोजायला लागायचे. दहाच्या आत पहिली पायरी वाजली तर जोडे दारात निघायचे, आधी एक पडायचा, मग दुसरा. आज सतरा झाले. पायऱ्या चार, बाबांनी त्या दोन पावलांत घेतल्या. जोडे पडले नाहीत. खाडखाड तसेच फरशीवरून आत आले. मी दिवा मालवला आणि भिंतीकडे तोंड केलं.'

आणि शेवट:

'पलीकडे पलंग करकरला. बराच वेळ गेला. मग डावी चप्पल फरशीवरून ओढली गेली, लांब, आणि तिच्यामागून उजवं पाऊल घाईने पडलं. पुन्हा ओढ. पुन्हा घाई. मी मोजत होते. पलंगापासून दारापर्यंत पूर्वी पाच पावलं होती. चौदाव्याला आवाज माझ्या दाराबाहेर थांबला. मी दिवा लावला.'

'खाडखाड' ठेवलंय. आई त्याच शब्दाने त्यांना बोलायची, त्यामुळे अनवाणींच्या कसोटीला उतरतं. टिंबं एकही नाही, कानोसा.

कानोसा

ऐकलं. सतराला मी श्वास धरला होता.

बोरू

शेवटच्या वाक्याला कोणी कितीही सुचवलं तरी हात लावू नका. वरच्या तुकड्यात 'आज सतरा झाले' नंतर थेट 'जोडे पडले नाहीत' आलं तर? पायऱ्यांचं वाक्य मला जरा जास्तीचं वाटतं.

अनवाणी

मला नाही वाटत. चार पायऱ्या दोन पावलांत, यातच राग आहे. राहू दे.

तिसरी_घंटा

राहू दे. आणि मी असा तुकडा वाजवायला घेतला असता तर दोनच प्रश्न विचारले असते. फरशी तुम्ही लिहिलीच आहे. चप्पल कसली? अंगठ्याची असेल तर ओढताना टाचेखाली ती वेगळी वाजेल.

रुग्णालयातून

अंगठ्याची चप्पल अशा पायात टिकत नाही, चालता चालता निसटते. मागून पट्टा असलेलीच घालायला सांगतो आम्ही. दोन्ही तुकडे सुंदर उतरलेत, काठावरची. बाबांची काळजी घ्या, पायाखालच्या पायपुसण्या उचलून ठेवा.

काठावरची

मागून पट्टा आहे. पायपुसणी आजच उचलली.

तुमचं वाचून काल रात्री ते झोपल्यावर दाराजवळची जोडी उलटी करून पाहिली. उजव्या तळव्यावरची नक्षी अजून नव्यासारखी आहे. डाव्याची पुढच्या टोकाला पार गुळगुळीत झालीय, आणि अंगठ्याखाली बोट ठेवलं तर रबर कागदाइतकं पातळ लागतं.